थरारक कादंबऱ्या आणि खेळांवरची पुस्तकं: सोसायटीच्या वाचनकट्ट्यासाठी यादी हवी आहे

कर्वेरस्ता

नमस्कार. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत वाचनकट्टा चालतो. वाचणारे बावीस जण, वय चौदापासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत. या खेपेला पुस्तकांसाठी ६,००० रुपये मंजूर झालेत. अडचण ही की कट्ट्याचे सरळ दोन तट आहेत. एकाला रहस्य-थरार सोडून काही चालत नाही, दुसरा क्रिकेट, टेनिस, ट्रेकिंगवाल्यांचा. एकमेकांच्या कप्प्याला कुणी हात लावत नाही. मागे मोठ्या खेळाडूंची दोन जाडजूड आत्मचरित्रं घेतली, ती पन्नासाव्या पानापुढे गेली नाहीत. रहस्यवाल्यांचं म्हणणं, "निकाल आधीच ठाऊक असतो, मग वाचायचं काय?"

तर अशी पुस्तकं सुचवा जी दोन्ही तट वाचतील. मराठी असतील तर उत्तम, इंग्रजी चालतील पण फार जड भाषा नको. शक्यतो तीनशे-साडेतीनशे पानांच्या आत. नुसती नावं देऊ नका. कुणाला काय द्यावं आणि कुठे अडखळायला होतं तेही लिहा, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

गुगली

"निकाल ठाऊक आहे" या आक्षेपाचं उत्तर रहस्यवाल्यांच्याच कप्प्यात आहे. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) घ्या. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांचा खून झाला नाही हे पुस्तक उघडण्याआधीच जगाला माहीत होतं. तरी ती खाली ठेवता येत नाही, कारण मारेकरी बंदूक कुठे बनवून घेतो, पारपत्र कसं मिळवतो, पोलीस एकेका धाग्यावरून किती मागे आहेत, यात आपण अडकतो. 'काय झालं' हे गेलं तरी 'कसं झालं' शिल्लक राहतं. चांगलं क्रीडापुस्तक नेमकं तेच करतं. म्हणून ही कादंबरी क्रीडावाल्यांना द्या आणि त्याच आठवड्यात खालचं एक रहस्यवाल्यांना.

जॉन मॅकफी, 'लेव्हल्स ऑफ द गेम' (१९६९). अख्खं पुस्तक म्हणजे एकच टेनिस सामना: १९६८ ची यूएस ओपन, फॉरेस्ट हिल्स, उपांत्य फेरी, आर्थर अॅश विरुद्ध क्लार्क ग्रेबनर. पहिल्या सर्व्हिससाठी चेंडू हवेत उडतो तिथे सुरुवात, आणि मग गुणागणिक दोघांची घरं, वडील, वर्ण, राजकारण उलगडत जातं. खेळाडू असा का फटका मारतो याचं उत्तर तो कुठे वाढला यात आहे, हे लेखक सामन्याच्या मधोमध दाखवतो. जेमतेम दीडशे पानं. अडचण एकच: टेनिसची गुणमोजणी माहीत नसेल तर पहिली वीस पानं जड जातात. कट्ट्यावर दहा मिनिटं घेऊन पंधरा-तीस-चाळीस, ड्यूस, अॅडव्हांटेज, ब्रेक एवढं समजावून द्या. तेवढं पुरतं.

कादंबरीच हवी असेल तर शेहान करुणातिलक यांची 'चायनामन'. दारूने यकृत गेलेला एक निवृत्त श्रीलंकन क्रीडापत्रकार प्रदीप मॅथ्यू नावाच्या गायब झालेल्या फिरकीपटूचा शोध घेतो. हा गोलंदाज काल्पनिक आहे, पण त्याच्याभोवती खरे सामने आणि खरे खेळाडू इतके बेमालूम पेरलेत की वाचणारा जुने धावफलक उघडून बसतो. चौकशी, खोटे साक्षीदार, गहाळ कागद, सगळा मसाला रहस्यकथेचा. साडेतीनशे पानांची अट ही मोडेल आणि प्रकरणं तुकड्यातुकड्यांची आहेत, म्हणून पहिली साठ पानं धीर धरायला सांगा. त्यानंतर सांगावं लागत नाही. याच लेखकाला २०२२ मध्ये दुसऱ्या कादंबरीसाठी बुकर मिळालं, पण सुरुवात 'चायनामन'पासूनच करावी.

आणि डिक फ्रान्सिस. पुण्यात रेसकोर्स असूनही हा लेखक इथे कमी वाचला जातो याचं वाईट वाटतं. तो स्वतः अव्वल जॉकी होता. इंग्लंडमधल्या १९५६ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत राणीमातेचा डेव्हन लॉक हा घोडा त्याच्याखाली होता, आघाडीवर होता, आणि शेवटची पन्नासेक यार्ड उरली असताना पोटावर बसला. कारण आजवर नक्की कळलेलं नाही. निवृत्तीनंतर त्याने १९६२ मध्ये 'डेड सर्ट' लिहिली आणि मग चाळीसच्या वर कादंबऱ्या. इंग्रजी सोपी, प्रकरणं आटोपशीर, घोड्यांची काहीही माहिती नसली तरी अडत नाही. बहुतेक कादंबऱ्या स्वतंत्र आहेत, पण सिड हॅली या जॉकी-गुप्तहेराच्या क्रमानेच वाचा: आधी 'ऑड्स अगेन्स्ट' (१९६५), मग 'व्हिप हँड' (१९७९). उलट वाचल्या तर त्याच्या हाताचं काय झालं हे आधीच कळतं आणि पहिल्या पुस्तकाचा कणाच जातो.

पेठेतली वाचक

मराठीकडे या जरा, इंग्रजीचीच यादी लांबत चाललीय.

दोन्ही तटांना बांधणारं मराठी पुस्तक म्हणजे प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग'. हिमालयात सतलजच्या वर रस्ता खोदणाऱ्यांची कादंबरी. ढांग म्हणजे सरळ उभा कडा. विश्वनाथ हा तरुण इंजिनिअर, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लष्करी शिस्त. खून नाही, गुप्तहेर नाही, तरी सुरुंगाच्या प्रत्येक स्फोटाआधी श्वास अडकतो, कारण लेखक आधी दगडाचा स्वभाव समजावून देतो आणि मग माणसांना त्याखाली उभं करतो. आकाराने लहान आहे, ट्रेकवाल्यांना आणि रहस्यवाल्यांना एकाच वेळी देता येईल. दोन प्रती घ्या.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना द्या. वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा आणि जागेचा झगडा, एकाही माणसाच्या संवादाविना. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे इतकं बारीक पुस्तक आहे की एका बैठकीत संपतं. 'लहान मुलांचं पुस्तक' असं समजून मोठे बाजूला ठेवतात, तेवढं होऊ देऊ नका. त्यातली हिंसा चांगलीच उघडी आहे.

सुहास शिरवळकर पुण्याचे, आणि पुण्यातल्या वाचनालयांत त्यांची पुस्तकं झिजेपर्यंत फिरलीत. 'दुनियादारी' सगळ्यांना माहीत आहे, पण थरार हवा असेल तर 'समांतर' घ्या: आपलं आयुष्य दुसरा कुणीतरी आधीच जगून बसलाय, हे कळलेल्या माणसाची गोष्ट. वेब मालिका पाहिलेल्यांनाही देता येते. अमर विश्वास, फिरोझ इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन या त्यांच्या मालिका मात्र सुट्या सुट्या विकत घेऊ नका, वाचनालयातून आणून पाहा. कुणाला कोणता नायक आवडेल हे आधी सांगता येत नाही, आणि ६,००० मध्ये एक अख्खी मालिका बसवली तर बाकी काही उरणार नाही.

भयकथा हवी असेल तर नारायण धारप. तेही पुण्याचेच. 'समर्थ' या त्यांच्या नायकाच्या कथांपासून सुरुवात केली तर सौम्य पडतं, 'लुचाई' थेट दिली तर काही जण रात्री दिवा चालू ठेवून झोपतात. ज्येष्ठांना विचारून द्या.

मुरलीधर खैरनारांची 'शोध' ट्रेकवाल्यांसाठी हुकमी आहे. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्या खजिन्याचा माग आजच्या काळात. किल्ले, घाटवाटा, कागदपत्रं यांचा अभ्यास दिसतो. जाडी तुमच्या मर्यादेच्या बाहेर जाईल पण पानं भराभर उलटतात, म्हणून सूट द्या. समुद्र हवा असेल तर अनंत सामंतांची 'एम टी आयवा मारू', जहाजावरचं जगणं एवढ्या बारकाईने मराठीत दुसऱ्या कुणी क्वचितच लिहिलंय. विज्ञानरंजनात जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला'. यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाण्याची ती कल्पना आज जास्तच जवळची वाटते.

दोरखंड

'रारंग ढांग'ला माझाही जोर. त्याला जोडी 'सत्तर दिवस'ची द्या.

'सत्तर दिवस' हा पिअर्स पॉल रीडच्या 'अलाइव्ह'चा रवींद्र गुर्जरांनी केलेला मराठी अनुवाद. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या रग्बी संघाला घेऊन चिलीकडे निघालेलं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. विमानात ४५ जण होते, ७२ दिवसांनी १६ परतले. बहुतेक वाचक मेलेल्या सोबत्यांचं मांस खावं लागलं एवढीच गोष्ट लक्षात ठेवतात. कट्ट्यावर बोलायचं असेल तर दुसरी बाजू पकडा: हा संघ होता. कप्तान कोण, कामं कोण वाटणार, पाण्यासाठी बर्फ वितळवायचं कुणी, जखमींच्या जवळ झोपायचं कुणी, हे सगळं मैदानावरच्या सवयीतून आलं. आणि कप्तान हिमलोटात गेल्यावर नेतृत्व कुणाकडे कसं सरकलं हा भाग तर पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा. शेवटी परादो आणि कानेसा हे दोघे दहा दिवस चालत जाऊन मदत आणतात. इथे वाचक चुकतो तो नकाशावर. त्यांना वाटत होतं आपण चिलीच्या कडेला आहोत, प्रत्यक्षात ते कितीतरी पूर्वेला, अर्जेंटिनाच्या हद्दीत होते. हा गैरसमज कळला नाही तर ते पश्चिमेचा महाप्रचंड उतार का चढत बसले हे उमगत नाही. पुस्तकासोबत अँडीजचा एक नकाशा छापून ठेवा.

दुसरी जोडी इंग्रजीत: जॉन क्राकौरचं 'इन्टू थिन एअर' (१९९७) आणि अनातोली बुक्रीव्हचं 'द क्लाइंब' (तेही १९९७). दोन्ही एव्हरेस्टवरच्या १०-११ मे १९९६ च्या वादळाबद्दल. आठ माणसं गेली. क्राकौर म्हणतो, बुक्रीव्ह मार्गदर्शक असून प्राणवायूच्या नळकांड्याविना चढला आणि गटाच्या आधी खाली उतरला. बुक्रीव्हचं म्हणणं, खाली जाऊन ताकद राखली म्हणूनच रात्री एकटा बाहेर पडून तिघांना परत आणता आलं. रहस्यवाल्यांना हे थेट साक्षीपुराव्यासारखं द्या: एकच रात्र, दोन जबान्या. त्यात आणखी एक धागा आहे. क्राकौरने आधी मासिकातल्या लेखात लिहिलं होतं की अँडी हॅरिस हा मार्गदर्शक छावणीपर्यंत पोहोचला. नंतर उलगडलं की धुक्यात त्याला भेटलेला माणूस वेगळाच होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं चुकतं, कारण त्या उंचीवर मेंदूला प्राणवायू पुरत नाही. पुस्तकात त्याने ही चूक लपवलेली नाही.

वाचायचा क्रम: आधी क्राकौर, लगेच बुक्रीव्ह, मध्ये दुसरं पुस्तक नको. पंधरा दिवसांचं अंतर पडलं की नावं विसरतात आणि सगळं फसतं. त्या वेळी डोंगरावर असलेल्या दोन गटांचे म्होरके रॉब हॉल आणि स्कॉट फिशर. पहिल्या पानावर दोन रकाने आखून हॉलच्या गटात कोण, फिशरच्या गटात कोण, हे लिहून ठेवा. एवढं केलं तर कुणी अडखळणार नाही.

जिल्द

वरची यादी चांगली आहे. आता विकत घेताना काय बघायचं ते लिहितो, कारण ६,००० मधले हजार-बाराशे इथेच बुडतात.

शीर्षकपानाच्या मागचं पान आधी वाचा. तिथे 'अनुवाद' आहे की 'संक्षिप्त अनुवाद', 'स्वैर अनुवाद', 'रूपांतर', हे पाहायचं. संक्षेपात पहिल्यांदा कापली जातात ती नकाशे, परिशिष्टं, धावफलक आणि तांत्रिक वर्णनं, म्हणजे क्रीडापुस्तकाचा जीवच. मूळ ४०० पानांचं पुस्तक मराठीत २२० पानांचं झालं असेल तर शंका घ्या. मराठी अनुवाद साधारणपणे मूळापेक्षा फुगतो, आटत नाही. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यातही फरक आहे. पुनर्मुद्रणात मजकूर तोच, नव्या आवृत्तीत दुरुस्ती किंवा भर असू शकते. पर्याय असेल तर नवी आवृत्ती घ्या.

मग फॉर्मे मोजा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांनी बांधलेलं असतं. पान ९६ नंतर थेट ११३ आलं तर एक फॉर्मा गळालाय. ९७ ते ११२ दोनदा आलं तर तो दुबार लागलाय आणि बहुधा दुसरा गायब आहे. रहस्यकादंबरीत हे शेवटच्या प्रकरणात झालं तर कट्ट्यावर काय होईल ते सांगायला नको. दुकानातच अंगठ्याने कोपरे सरकवत पान क्रमांक पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. पावती जपून ठेवा, असा दोष असेल तर प्रत बदलून मिळते.

फुटपाथवरच्या स्वस्त इंग्रजी प्रतींपासून लांब राहा. चोरटी प्रत ओळखायची खूण: मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं पुसट, कागद पातळ आणि पलीकडचं छापील दिसणारा, मधली छायाचित्रांची गुळगुळीत पानं एकतर नाहीत किंवा काळवंडलेली. क्रीडापुस्तकात ती छायाचित्रं लागतात. वापरलेलं पण अस्सल जुनं पुस्तक मात्र बिनधास्त घ्या. डिक फ्रान्सिस जुन्या बाजारात सहज मिळतो, नवीन घेऊच नका.

अप्पा बळवंत चौकात एकेक पुस्तक न मागता संस्थेच्या नावाने पूर्ण यादी द्या, लेखक आणि प्रकाशकासह, आणि सवलत स्वतःहून विचारा. घाई नसेल तर डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे प्रकाशकांच्या मांडवात मराठी पुस्तकं थेट मिळतात. आणि ज्यांच्याबद्दल खात्री नाही ती आधी नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयातून किंवा पुणे नगर वाचन मंदिरातून आणून दोन-तीन जणांना वाचायला द्या.

कर्वेरस्ता

खूप आभार सगळ्यांचे. दोन प्रश्न. आत्मचरित्रं पूर्ण टाळायची का? आणि क्रिकेटवर पुण्याचा संबंध असलेलं काही आहे का? ज्येष्ठ मंडळी हेच विचारताहेत.

गुगली

टाळू नका, पारखून घ्या. दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा अशी: त्या खेळाडूचा सगळ्यात वाईट हंगाम कोणता ते आधी माहीत करून घ्या आणि अनुक्रमणिकेत तो शोधा. पराभवाला दोन पानं आणि सत्कारांना चाळीस असतील तर परत ठेवा. दुसरं, सरावाचं वर्णन पाहा. 'खूप मेहनत केली' असं वाक्य असेल तर नको. किती चेंडू, किती वाजता, कोणासोबत, कुठलं दुखणं घेऊन, असं असेल तर हो.

या परीक्षेत पहिलं येतं आंद्रे अगासीचं 'ओपन' (२००९). सुरुवातच कारकिर्दीच्या शेवटी होते, २००६ ची यूएस ओपन, पाठदुखीने हॉटेलच्या जमिनीवर जाग येणारा माणूस. वडिलांनी तयार केलेलं चेंडू फेकणारं यंत्र आणि त्यांचा हिशेब, दिवसाला २,५०० चेंडू म्हणजे वर्षाला जवळपास दहा लाख. या मुलाला टेनिसचा तिटकारा होता, हे तो पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतो. शब्दांकन जे. आर. मोरिंगरचं, त्याने मुखपृष्ठावर नाव घातलं नाही. शब्दांकनकार असणं हा दोष नाही. खेळाडूला अडचणीचे प्रश्न न विचारणारा शब्दांकनकार हा दोष.

अभिनव बिंद्राचं 'अ शॉट अॅट हिस्टरी' (२०११) रहस्यवाल्यांना आवडेल. बीजिंगच्या अंतिम फेरीआधीच्या चाचणी नेममध्ये त्याची गोळी भलतीकडे गेली, म्हणजे मधल्या वेळात बंदुकीचं नेमयंत्र हललं होतं. कसं, कुणी, हे कळत नाही. काही मिनिटांत ते पुन्हा जुळवून त्याने सुवर्ण घेतलं. एकूण गुण ७००.५. बुटाचा तळ, पॅन्टची जाडी, असल्या गोष्टींवरचं त्याचं वेड इतकं तपशिलात आहे की नेमबाजी न पाहिलेला माणूसही गुंगतो.

गावसकरांचं 'सनी डेज' घ्याच, पण एक गोष्ट सांगून द्या: ते १९७६ चं आहे. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या चार कसोटींमधल्या ७७४ धावा त्यात आहेत, १९८३ चा विश्वचषक आणि दहा हजार धावा नाहीत. हे माहीत नसलेले वाचक शेवटी पुस्तक अर्धवट आहे असं समजतात.

आता पुणे. रामचंद्र गुहांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' (२००२). यातला पालवणकर बाळूंचा भाग म्हणजे पुण्याचा इतिहासच. दलित घरातला मुलगा, वडील लष्कराच्या नोकरीत, आधी पारशांच्या क्लबात मैदानाची देखभाल महिना तीन रुपयांवर, मग पूना क्लबात चार रुपयांवर. काम खेळपट्टी लाटायचं, जाळी बांधायची. पुढे गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी. फलंदाजी मात्र त्याला कुणी करू दिली नाही. डावखुरी फिरकी अशी तयार झाली की हिंदू संघाला त्याला घ्यावंच लागलं. मैदानावर चेंडू एकच, सगळे त्याला हात लावणार. पण चहाच्या वेळी त्याचा चहा मातीच्या कपात, पॅव्हेलियनबाहेर. हे एका वाक्यात वाचलं तरी पुढचं पान उलटवत नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने ११४ बळी घेतले.

पुस्तक मोठं आहे, अभ्यासपूर्ण आहे, म्हणून कट्ट्यावर अख्खं नेमू नका. बाळू आणि त्याचे भाऊ यांच्यावरची प्रकरणं आधी वाचा, बाकी ज्याला रस आहे तो वाचेल. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा जीवन' नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिलं होतं, १९४८ मध्ये. दुकानात मिळायची आशा नको, जुन्या ग्रंथालयांच्या सूचीत मात्र जरूर पाहा. सापडलं तर इथे कळवा, फार मोलाचं पुस्तक आहे.

पेठेतली वाचक

'माझे क्रीडा जीवन' शोधताना 'विठ्ठल', 'पालवणकर' आणि 'पी. विठ्ठल' अशा तिन्ही नावांनी सूची पाहा. जुन्या नोंदींत लेखकाचं नाव आडनावाने लावलंय की पहिल्या नावाने, याचा नेम नसतो. खेळ या विषयाखाली नसेल तर चरित्र-आत्मचरित्रात असेल.

कर्वेरस्ता

ठरलं मग. पहिली जोडी 'रारंग ढांग' दोन प्रती आणि 'सत्तर दिवस' दोन प्रती, नकाशासकट. रहस्यवाल्यांना 'सत्तर दिवस', ट्रेकवाल्यांना 'रारंग ढांग', तीन आठवड्यांनी अदलाबदल. 'चायनामन' आणि 'शोध' एकेक प्रत. डिक फ्रान्सिस जुन्या बाजारातून. क्राकौर-बुक्रीव्ह जोडी वाचनालयात मिळते का पाहते, नाही तर दुसऱ्या खरेदीत.

दोरखंड

तीन आठवडे 'सत्तर दिवस'ला पुरतील. फक्त हिमलोटाचं प्रकरण झोपण्याआधी वाचायला घेऊ नका म्हणावं, तिथून पुढे थांबता येत नाही. आणि नकाशा मोठा छापा, ए-थ्री तरी, म्हणजे ज्येष्ठांना विमान कुठे पडलं आणि ते दोघे कुठे बाहेर आले, हे चष्म्याशिवाय दिसेल.